दार उघडं असताना वाजलेलं

मीनल व्हायोलिन वाजवत होती आणि सभागृहाचं दार सताड उघडं होतं. उशिरा आलेली मंडळी खुर्च्या करकरवत बसत होती. त्या आवाजावर मात करायला ती जोरजोरात वाजवत होती.

"काका, दार लावा ना," मी संयोजकांना म्हटलं.

"अगं, पहिली रचना त्यासाठीच असते. लोक स्थिरावेपर्यंत. खरा कार्यक्रम पुढेच."

खरा म्हणे! माझ्या मैत्रिणीने तीन महिने बोटं सोलून ही रचना बसवली. रचनाकार इटालियन, युरोपात जुनी बरोक शैली संपत आलेली आणि नवी क्लासिकल सुरू व्हायची होती त्या मधल्या काळातला. पत्रिकेत पुढच्या बड्या संगीतकाराला अर्धं पान, याला नुसतं नाव, तेही चुकवलेलं. आधीच्यांकडून घेऊन पुढच्यांच्या हाती देणारी माणसं या रसिकांना पायपुसणी वाटतात. पाय पुसायचे आणि आत जायचं.

शेवटचा संथ भाग सुरू झाला. मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"अहो, उघडा! तिकिटं आहेत आमची!" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"संपल्यावर!"

काकांनी डोळे वटारले. बाहेरचे गप्प झाले. मीनलने दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू वाजवलं.