डुकरांच्या मागं एक दिवस

बंदूक वडिलांची. ते गावचे पोलीस पाटील होते तेव्हा त्यांनी परवाना काढला होता, आणि ते गेल्यावर वारस म्हणून तो माझ्या नावावर आला. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर. उभं राहून राहून दोन्ही गुडघे कामातून गेलेले. निवृत्त होऊन पालम तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो तेव्हा आता नुसतं बसून राहायचं, एवढाच बेत होता. पण आसपासच्या चार गावांत परवान्याची बंदूक एकट्या माझ्याकडं आहे, हे लोक विसरले नव्हते.

त्या हिवाळ्यात रानडुकरांनी हरभऱ्याची पार माती केली. खायची थोडं, तुडवायची जास्त. सगळ्यात जास्त झळ माझ्या थोरल्या चुलतभावाला, दादांना बसली. त्यांचं वावर ओढ्याच्या काठाला, आणि ओढ्यात दाट झाडी. त्यांनी वन खात्यात खेटे घालून डुकरं मारायची परवानगी आणली आणि कागद घेऊन थेट माझ्या दारात आले. मी गुडघ्यांचं सांगितलं. नेम राहिला नाही, काडतुसं जुनी झालीत, तेही सांगितलं. ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. महिनाभर वावरातल्या माळ्यावर जागून त्यांचे डोळे आत गेले होते.

"न्हाई म्हनू नको," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता राखन व्हईना."

मग काय बोलणार? जातो म्हणालो.

सकाळी त्यांच्या मोटारसायकलवर निघालो. बंदूक गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर आडवी. गावाबाहेर पडलो नाही तोच गाडीची चेन उतरली. दादांनी बसवली, पुढं जाऊन परत उतरली. तिसऱ्यांदा तुटलीच. शेवटी गाडी एका शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी लावून आम्ही चालत निघालो. वावरात पोचेपर्यंत माझा उजवा गुडघा ठणकायला लागला होता. वनरक्षक आधीच येऊन बांधावर बसला होता. तरुण, अबोल माणूस. डुक्कर मारलं तर पंचनामा त्यानं करायचा होता. हाका घालून डुकरं बाहेर काढायला गावातली सहा-सात माणसं पत्र्याचे डबे घेऊन आली होती, आणि त्यांच्याबरोबर तीन कुत्री.

कुत्र्यांचा उपयोग झाला नाही. पहिल्याच पडक्या बांधातून ससा उठला आणि तिन्ही त्याच्या मागं गेली. दिवसभरात परत दिसली नाहीत.

त्यानंतर डुक्कर दिसलं, तेही असं की कुणाला सांगावं वाटू नये. माझ्या बुटात बाभळीचा काटा गेला होता. बंदूक झाडाला टेकवली, खाली बसलो, बूट काढला, आणि मान वर केली तर समोरच्या बांधावर मोठा नर उभा. चाळीस पावलं असेल. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मी बंदुकीकडं हात लांबवेपर्यंत तो सावकाश उतरून पलीकडच्या उसात गेला. दादांनी बंदूक उचलून माझ्या हातात दिली. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी भाकरीची फडकी सोडली. ऊन तापलं होतं आणि मला बसल्या जागी झोप यायला लागली होती. तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ आला. दरवर्षी दिवाळीनंतर त्याची मेंढरं आमच्या भागात खतासाठी वावरांत बसायची, त्यामुळं ओळख होती. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. कळप त्यानं मळ्याकडं बायकोच्या हवाली केला होता आणि स्वतः एका गाभण मेंढीला शोधत फिरत होता. ती सकाळपासून कळपातून फुटली होती. आमचं येणं कशासाठी हे कळल्यावर त्यानं ओढ्यालगतची तूर दाखवली. डुकरांचा माग तिथं ताजा आहे, दुपारची ती तिथंच पडून राहतात, असं म्हणाला. वनरक्षकानं त्याला बजावलं की मग तू त्या बाजूला फिरकू नकोस. तो बरं म्हणाला, आमच्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि उलट्या दिशेनं गेला. मी त्याला जाताना पाहिलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो.

हाकेवाले तुरीच्या पलीकडच्या टोकाला गेले. दादा आणि वनरक्षक डाव्या अंगाला, मी ओढ्याच्या बांधावर एकटा. तूर माझ्या डोक्याच्या वर गेलेली, शेंगांनी वाकलेली. पलीकडं डबे वाजायला लागले. मी काडतूस भरलं. हे एकदाचं उरकावं आणि घरी जाऊन पाय लांब करावेत, एवढंच मनात होतं.

तूर हलली. दहा-बारा पावलांवर, बुडाशी काहीतरी काळं, वाकलेलं, हळूहळू सरकत होतं. मी बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. चाप ओढला.

नुसतं खट् झालं.

आणि ते काळं उभं राहिलं. घोंगडी होती. म्हाताऱ्याच्या हातात ओलं, नुकतंच जन्मलेलं कोकरू होतं आणि त्याच्या मागं मेंढी उभी होती. त्याला मेंढीचा आवाज आला म्हणून तो ओढ्याकडून आत शिरला होता. खट् त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो माझ्याकडं बघून हसला आणि कोकरू वर धरून दाखवलं.

मी बंदूक खाली केली आणि लगेच उघडली. असं करू नये, काडतूस उशिरानंही फुटू शकतं, वडिलांनी शिकवलं होतं. पण मला ते बाहेर काढायचं होतं. काडतुसाच्या बुडावर टोचा आपटल्याची खूण स्पष्ट पडली होती. ती बघत असतानाच तूर परत फाटली आणि डुकरं निघाली. मादी पुढं, मागं चार-पाच पिलं. ती माझ्यापासून हातभरावरून गेली. मी मागं सरलो, बांध संपला होता, आणि मी पाठीवर ओढ्यात पडलो. पाणी नव्हतं, वाळू होती म्हणून पाठ वाचली. उजवा पाय मात्र अंगाखाली पिळला गेला. बंदूक कुठं पडली तेही कळलं नाही.

दादा आणि वनरक्षक धावत आले; हाकेवाले डुकरांच्या मागं लांब गेले होते. पाय जमिनीला टेकेना. गाडी नाही, रस्ता दीड किलोमीटर. दादांनी उचलून पाहिलं, पण त्यांच्यात ताकद कुठली? महिनाभराचं जागरण. म्हाताऱ्यानं कोकरू दादांच्या हातात दिलं, घोंगडी माझ्या पाठीशी बांधली आणि मला पाठीवर घेतलं. मेंढी कोकराच्या वासानं दादांच्या मागं मागं. वनरक्षकानं बंदूक शोधून काढली आणि तो गाडी बघायला पुढं निघाला.

म्हाताऱ्याचं वय माझ्यापेक्षा जास्त असेल. अंगाला मेंढरांच्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास. चालताना तो एका लयीत श्वास सोडत होता. बाकीचे बरेच पुढं गेल्यावर मला राहवेना. मी त्याच्या कानाशी सांगितलं, की मघाशी मी तुझ्यावर चाप ओढला होता. डुक्कर समजून. काडतूस उडालं नाही म्हणून तू आहेस.

तो थांबला नाही. पाचपन्नास पावलं गेलो असू. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"मंग आता सांगून काय करायलाव?" तो म्हणाला. "गळा नीट धरा. घसरायलाव तुमी."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कारभारनीला सांगनार हाव का?" मी म्हणालो, कुणाच्या? "माझ्या," तो म्हणाला. "तिला नका सांगू. ती मला ह्या इलाख्यात येऊ देनार न्हाई, आन् चारा हितंच हाय."

रस्त्यावर एक टमटम मिळाली. त्यानं मला आत बसवलं, घोंगडी सोडून घेतली, कोकरू घेतलं आणि निघून गेला. मी हात जोडले होते, ते त्यानं पाहिले नाहीत.

पायाला प्लास्टर बसलं. दीड महिना खाटेवर. वनरक्षकाच्या कागदावर एकही जनावर मारलं नाही अशी नोंद झाली, जी खरीच होती. डब्यांच्या आवाजानं म्हणा किंवा कशानं, डुकरं आठ दिवस फिरकली नाहीत आणि तेवढ्यात दादांनी उरलेला हरभरा काढून घेतला. थोडाच होता, पण ते पहिल्यांदा घरात झोपले. भेटायला आले तेव्हा चेहरा निवळला होता. पुढच्या साली परत जाऊ म्हणाले. मी मान हलवली. काय झालं होतं ते त्यांना मी आजही सांगितलेलं नाही.

बायकोला सांगितलं, प्लास्टर निघाल्यावर. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली आणि म्हणाली की ती बंदूक आता घरात नको.

काठी टेकत कचेरीत जाऊन परवाना परत करायचा अर्ज दिला. अर्जात कारण लिहायला दोन ओळी मोकळ्या होत्या. मी पुष्कळ वेळ पेन धरून उभा राहिलो. मागं रांग होती. शेवटी 'वय झाले' एवढंच लिहिलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.