औशाच्या मावशीचं सोनं

औशाची मावशी लग्नात खुर्ची उलटी फिरवून बसायची. नवरा-नवरी पाठीमागे आणि हिचं तोंड बायकांच्या घोळक्याकडे. कुणाच्या गळ्यात काय आहे हे पाहण्याच्या नादात तिच्या अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यात पडायच्या.

काका वारल्यानंतर एका दिवाळीत तिने आपली दागिन्यांची पेटी उघडली. थोरल्या सुनेला, मंगलला, बोरमाळ दिली. मुलीला, रेखाला, एकदाणी आणि लातूरला राहणाऱ्या धाकट्या सुनेला, सुनीताला, पाटल्या. मुलगे घाबरले. थोरल्याने डॉक्टरकडे जायचं का म्हणून आडून विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. "मेल्यावर दिलं तर कोण कशी दिसती, हे मला कोण दावणार?"

अट एकच, घालायचं. रेखाने एकदाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, तेव्हा मावशीने फोन करून विचारलं, "कुलपातच ठिवायचं हुतं, तर माझी पेटी काय वाईट हुती?" मंगल तर एकाच घरात. ती बिचारी गळ्यात बोरमाळ घालून म्हशीची धार काढायची. म्हैस मान वळवून बघायची. म्हैस दूध जास्त देते ती त्यामुळेच, असं मावशीचं ठाम मत होतं.

सुनीता लांब असल्यामुळे सुटली होती. पण माझ्या भावाचं लग्न लातुरात निघालं. ती पाटल्या घालून आली, मावशीच्या पाया पडली. मावशीने कौतुकाने तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"सुनीता, ह्या हलक्या कामून लागायल्यात?"

सुनीताचा चेहरा पांढरा पडला. पाटल्या एक ग्रॅमच्या, नुसत्या मुलाम्याच्या होत्या. नवऱ्याचा डाळमिलचा पगार पुरेना म्हणून तिने खऱ्या मोडल्या होत्या आणि डॉक्टरकीच्या क्लासला लातुरात येणाऱ्या मुलींसाठी मेस काढली होती. नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हे सगळं तिने तिथेच, रडत रडत सांगितलं. मंगलने दुसरीकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहायचं टाळलं.

मावशी उठली. मला म्हणाली, "रिक्षा बघ." सुनीताला म्हणाली, "चल, दाव."

रिक्षात सुनीता हात पदराखाली झाकून बसली होती.

मेस म्हणजे दोन खोल्या. मुली जेवत होत्या, कामाच्या बाया वाढत होत्या. मावशीने शेगडी पाहिली, परात उचलून पाहिली, भाकरीचा पदर सोडवून पाहिला. मग एका मुलीला जरा सरकायला लावून तिच्याशेजारी पंगतीत बसली. "वाढ."

वरण-भाकरी ती जेवली. पुन्हा वरण मागून घेतलं. सुनीता म्हणाली, "आई, चुकलं माझं."

"सांगितलं न्हाईस, तेवढं चुकलं. बाकी मी मेल्यावर पाटल्या मोडून हे काढलं असतंस, तर मला कुणी जेवू घातलं असतं? लसूण तेवढा कमी पडायलाय."

लसूण वाढवायला म्हणून ती तिथेच राहिली, ती राहिलीच. मुलींना जबरदस्तीने एक भाकरी जास्त वाढायची. कुणी डाएट म्हणाली की सांगायची, "अशी वाळकी डॉक्टर झालीस तर पेशंट तुलाच तपासतील."

अंथरुणाला खिळल्यावर तिने सुनीताला बजावून ठेवलं, "मी गेल्यावर एक दिवस बंद ठिव, दोन न्हाई. सुतक-बितक सांगायला कुणी आलं तर म्हणावं, पोरींच्या परीक्षा हायत."

ती नेमकी परीक्षांच्या दिवसांत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले, तर मेसचं दार उघडं होतं. मंगल, रेखा आणि सुनीता तिघी स्वयंपाकघरात होत्या. डोळे तिघींचेही सुजलेले. मावशीने वाटण्यासारखं काही मागे ठेवलंच नव्हतं. तिघी भाकरी थापत होत्या.