पाय अगदी कोरडे राहिले

उत्तर मिशिगनमधल्या आमच्या गावात टपाल कचेरीची खिडकी मी सव्वीस वर्षं सांभाळली. शिकारीच्या सामानाचा तो जाडजूड कॅटलॉग दर ऑगस्टात माझ्याच हातून घरोघरी जाई. आज त्याचं नुसतं नाव निघालं तरी मला शिसारी येते.

आर्विद कांगस हा हरणांच्या शिकारीतला आमचा सर्वांत जुना माणूस. चारचौघांत कुणाच्या मालाची नालस्ती करणं त्याला हलकटपणा वाटे. तक्रार असेल तर बनवणाऱ्याच्या तोंडावर करावी, असा त्याचा खाक्या. म्हणून कॅटलॉगमधून मागवलेल्या बुटांनी दगा दिला तेव्हा त्यानं गावात ब्र काढला नाही. सरळ कंपनीला पत्र टाकलं: पहिल्या दिवशी पाय अगदी कोरडे राहिले, दुसऱ्या दिवशी शिवण उसवली आणि दुपारपर्यंत बुटात बर्फाचं पाणी, हे बूट विकू नका.

कंपनीनं पुढच्या कॅटलॉगमध्ये छापलं: ‘पाय अगदी कोरडे राहिले. – आर्विद कांगस, मिशिगन.’

बाकीचं कापून टाकलं. ही माणसं हरणं सोलत नाहीत, माणसं सोलतात.

आर्विदला पत्ताच नव्हता. एकदा हात पोळल्यावर नवा कॅटलॉग त्यानं न उघडताच परसाकडच्या खोपटात पुसायला म्हणून खिळ्याला टांगला होता, आणि त्याची लायकीही तीच होती. गावातल्या ओन्नी साल्मीनं मात्र तो वाचला. आर्विद म्हणतो म्हणजे बघायलाच नको, असं म्हणत त्यानं तेच बूट मागवले. नोव्हेंबरात एका जखमी हरणाच्या मागावर तो दिवसभर दलदलीत हिंडला. बुटात पाणी शिरून पाय गोठला, आणि डॉक्टरनं त्याच्या उजव्या पायाची चार बोटं कापली.

रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत असताना आर्विद उभा राहिला.

“मी असं लिहिलं नव्हतं. निम्मं कापलंय त्यांनी.”

“मग पत्राची नक्कल दाखव की,” दुकानदार वेर्नेर म्हणाला.

“नक्कल नाही. पण मी सांगतोय ना!”

“तू सांगितलंस म्हणूनच तर ओन्नीची बोटं गेली, बाबा!”

लोक खो खो हसले. गोड पावाचे तुकडे कॉफीत बुडवत हसणारी ती तोंडं बघून मला किळस आली. ओन्नी तेवढा हसला नाही.

“गप बसा रे,” तो म्हणाला. “आर्विद खोटं बोललेला मी तरी कधी ऐकला नाही.”

आर्विदला तेवढं पुरेसं होतं. बाकीचे काय म्हणतात याची त्यानं फिकीर केली नाही.

नाताळाआधीच्या शनिवारी खिडकीशी रांग लागली होती. आर्विद पुढे, ओन्नी कुबडी घेऊन मागे. आर्विदचं पार्सल होतं. मी सवयीनं नाव पुकारलं आणि खोका फळीवर ठेवला. वर लाल अक्षरांत छापलं होतं: ‘आमच्या समाधानी ग्राहकास बुटांची भेट.’ ते मी आधी वाचायला हवं होतं. माझ्या मूर्खपणाला तोड नाही.

ओन्नीनं पुढे वाकून वाचलं.

“फुकट मिळाले होय?”

“देवाशपथ ओन्नी, मी मागितले नाहीत.”

“घे की. तुझ्या मापाचे तरी मिळतात.”

आपलं टपाल न घेताच तो कुबडी टेकत बाहेर पडला. आर्विद त्याच्या मागे दारापर्यंत गेला. खोका फळीवर तसाच राहिला.