सांगलीचा उभा पाहुणा

लढाईच्या दिवसांत, खंडेनवमीला मी आमच्या गावच्या चिमुकल्या संग्रहालयातली तलवार पाण्यानं धुऊन, हळदकुंकू लावून पुजली. ती गंजली.

मग जुन्या वस्तू सांभाळायला गावोगाव शिकवणारा, सांगलीच्या मोठ्या संग्रहालयाचा माणूस आला. आम्हाला जमलं नाही, तर तो तलवार घेऊनच जाणार होता. तो बसेचना. चहा उभ्यानं, नजर बाहेरच्या, पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालवलेल्या मोटारीकडे. साऱ्या गावांत मिळून असलेला तेलाचा एकच डबा त्याला पुढं पोचवायचा होता. त्यानं माझ्याकडूनच गंज काढवून घेतला, तेल लाववलं.

"नेऊ का?" तो पुटपुटला. "सांगलीत झ्याक ऱ्हाईल. पर तिला तिथं वळखणार कोण? ऱ्हाऊ द्या हितंच."

तेव्हापासून मी सारखा तिच्या पेटीचं कुलूप काढून, पुन्हा गंज तर नाही ना, ते बघतो. बायको म्हणाली, "आवं, इतक्या लढायांतनं वाचली ती. तुमच्या काळजीतनं वाचली म्हंजे मिळवली!"