माझ्या जागी पळणारा कुत्रा

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांत आम्ही नवराबायको जे काही बोललो, ते पळता पळता बोललो. घरात तशी सोय नाही. ती वरच्या खोलीत कॉलवर, मी बेसमेंटमध्ये कॉलवर. पण सकाळी साडेसहाला घरामागच्या तळ्याला एक फेरी मारायचीच, हा नियम. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावात घर घेतलं ते त्या तळ्यासाठीच. पळणं म्हणजे तिचं पळणं; मी चालतो आणि धापा टाकतो. ती माझ्यासाठी वेग कमी करायची आणि ऑफिसचं सगळं सांगायची. मॅनेजर काय म्हणाला, कोणाचं क्रेडिट कोणी खाल्लं. मला मध्ये बोलायला श्वासच उरत नसे, त्यामुळे मी उत्तम श्रोता होतो.

मुलगी कॉलेजला गेली तशी बायको म्हणाली, "आपण कुत्रा आणू या."

मी म्हटलं, आणू. माझ्या डोळ्यांपुढे गुबगुबीत, पायाशी लोळणारा आणि मुख्य म्हणजे माझ्याहून हळू पळणारा प्राणी होता. तिने आणला ग्रेहाउंड. शर्यतींतून रिटायर झालेला, रेस्क्यूवाल्यांकडून. कानांच्या आत शर्यतीच्या नोंदणीचे गोंदवलेले आकडे, भरदार छाती, आणि कंबर अशी की माझं पोट त्याच्या शेजारी उभं राहायला लाजलं.

"रिटायर झालाय ना, आता आराम करेल," मी आशेने म्हणालो.

"तू रिटायर होताना असा दिसलास तर मी पेढे वाटेन," बायको म्हणाली.

त्या महाशयांनी जन्मात जिना पाहिलेला नव्हता. पहिल्या पायरीशी उभे राहून थरथरायचे. बायको मागे बसून त्याचा एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवायची. "हं, शाब्बास राजा, आता दुसरा." राजा! त्याच जिन्यावरून मी इतकी वर्षं सूटकेसा चढवल्या, गाद्या उतरवल्या. मला कोणी राजा म्हटल्याचं स्मरत नाही. थंडी पडल्यावर त्याला दोन कोट आले, कारण त्याची कातडी नाजूक. माझं जॅकेट मुलगी शाळेत असतानाचं आहे. माझी कातडी जाड असावी.

तरी मला आशा होती. ग्रेहाउंडचं पळणं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं असतं आणि उरलेला दिवस तो झोपतो, असं मी वाचलं होतं. झोपायचा तो खरंच, चारी पाय वर करून, सोफ्यावरच्या माझ्या जागेवर. पण बायकोने त्याला रोज थोडं थोडं वाढवत तयार केलं आणि बर्फ वितळेपर्यंत दोघं तळ्याची अख्खी फेरी एका लयीत मारू लागली. मी मागे. आधी दहा पावलं, मग पन्नास, मग पुरतं एक वळण.

एका सकाळी वारा माझ्या दिशेने होता, म्हणून मला ऐकू आलं.

"लीडची पोझिशन देतायत रे मला. पण टीम सगळी शिकागोला. महिन्यातला एक आठवडा तिकडे राहायचं. घ्यावी का?"

मी जागच्या जागी थांबलो. ही बातमी मला सांगितलेली नव्हती. आणि तो कान मागे टाकून, एक शब्द मध्ये न बोलता, हुबेहूब माझ्यासारखा ऐकत होता. फक्त त्याला धाप लागलेली नव्हती.

'तू कुत्र्याला सांगितलंस, मला का नाही?' हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी ते शोभेना. शेवटी मुलीला फोन केला आणि सहज म्हणून सांगितलं.

"बाबा, आर यू जेलस ऑफ अ डॉग?"

"छे! काहीतरीच काय."

"ओ माय गॉड. यू आर!" तिचं हसू थांबेना.

पुढे मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण घरात आता सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला जाड करायचं ठरवलं. आमच्या घराण्यात माणूस जाड करायची एकच खात्रीची रीत आहे: तूप. माझ्या आईने मलाही तसंच घडवलंय. रोज दुपारी बायको कॉलवर असली की मी दोन पोळ्यांना सढळ हाताने तूप लावायचो, तुकडे कागदात बांधून खिशात घालायचो आणि त्याला मागच्या अंगणात न्यायचो. तो ते इतक्या हलक्या ओठांनी टिपून घ्यायचा की अजून एक द्यावासा वाटे. मायेने नव्हे, कपटाने. पहिले तीन दिवस तरी निव्वळ कपटाने.

वजन वाढलं नाही. पोट मात्र असं बिघडलं की गालिच्याने हाय खाल्ली. जनावरांच्या डॉक्टरने विचारलं, नवीन काही खायला घातलंत का? बायको ठामपणे नाही म्हणाली. मी भिंतीवरचं मांजरांच्या दातांचं पोस्टर वाचत होतो.

गाडीत ती म्हणाली, "डब्यातल्या दोन पोळ्या रोज कमी होतायत. मला वाटलं, तू खातोस."

"मीच खातो."

"अच्छा. आणि पोट त्याचं बिघडतं?"

शिक्षा म्हणून आठवडाभर त्याचा मऊ भात शिजवणं आणि दिवसातून पाच वेळा त्याला फिरवणं माझ्याकडे आलं. आम्ही दोघं रमतगमत तळ्याकाठच्या बाकापर्यंत जायचो. मी बसलो की तो सगळं अंग माझ्या गुडघ्याला टेकून उभा राहायचा. एकदा मी त्याला म्हणून गेलो, "ती आठवडाभर गेली तर मी बोलणार कोणाशी, सांग." मग ओशाळून इकडे तिकडे पाहिलं. तो काही म्हणाला नाही. त्याच्याशी लोक का बोलतात, ते मला कळलं.

तो बरा झाला आणि ती दोघं पुन्हा पळायला लागली. पहिल्याच सकाळी मी नेहमीसारखा वळणामागे होतो. वळण पार करून पाहतो तर बाकाशी कुत्रा खांबासारखा उभा. बायको पट्टा ओढतेय, "चल ना राजा," करतेय. तो हलेना. मान माझ्याकडे.

मी धापा टाकत पोचलो. त्याने शांतपणे माझ्या खिशात नाक खुपसलं. खिसा रिकामा होता. तरी त्याने अंग टेकलं.

बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "सहा महिने मी ह्याला जिना शिकवला," ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. त्या विषयात माझा अभ्यास झाला होता.

आता तो कोणालाच पळू देईना. आम्ही तिघं चालत निघालो. थोडं गेल्यावर ती पुढे बघतच म्हणाली, "शिकागोची एक ऑफर आहे. उद्या उत्तर द्यायचंय. मी आठवडा आठवडा नसले तर कसं होईल, ह्याचीच भीती वाटते. म्हणून बोलले नव्हते. तुला काय वाटतं?"

कुत्र्याने मान वर केली. प्रश्न नक्की कोणाला होता, ते तिने सांगितलं नाही. मी वाट पाहिली नाही, आधी बोलून टाकलं.

"घे. आम्ही दोघं बघू घरचं."