पिकलेटचा रकाना

ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँगच्या त्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांत चार प्रोफेसर आले नि गेले. प्रकाश मोजायचं यंत्र आणि ते चालवणारी नोएलीन ट्रँटर मात्र जागची हलली नाहीत. घरी तिला नवऱ्याचे मोजे सापडायचे नाहीत, पण इथली कुठली काच कुठल्या खणात आहे ते तिला डोळे मिटून सांगता यायचं.

त्या काचांवर सोन्याचे कण असत, साध्या डोळ्यांना न दिसणारे, स्क्रूच्या आट्यासारखे वळणं घेत बसलेले. त्यांतून आळीपाळीने उजवीकडे आणि डावीकडे फिरणारा प्रकाश सोडायचा. आटा जसा असेल तसा त्यांतला एक जास्त गिळला जातो, आणि पडद्यावरची रेघ वर चढते नाहीतर खाली जाते. पण कण नुसते एका दिशेला ओढल्यासारखे बसले, तरी यंत्र फसतं. म्हणून काच उलटून पुन्हा मोजायची. स्क्रू डोक्याकडून बघा की टोकाकडून, आटा तोच राहतो. रेघ पालथी झाली, तर आटा नव्हताच.

या उलटण्याला नोएलीन ‘पिकलेट’ म्हणायची. पिकलेट म्हणजे तिकडचं छोटं गोड धिरडं; ते एकाच बाजूने भाजून कुणी ताटात वाढतं का? नोंदवहीत तिने तसा रकानाच आखला होता.

"बाई, तू स्वर्गात गेलीस तरी देवाला उलटून बघशील," लिटिया म्हणायची. ही फिजीहून आलेली संशोधक मुलगी. तिची नोकरी दर वर्षी नव्याने मंजूर व्हायची.

"बघेन की. खालून करपलेला निघाला तर?"

ऑक्टोबरात लिटियाच्या काचेवर रेघ इतकी उंच गेली की प्रोफेसर ॲलिस्टर स्वतः लॅमिंग्टन केक घेऊन आले. त्याच साच्यातल्या काचा इस्पितळात गेल्या. रक्तातलं एक प्रथिन चुकीचं पिळलं जाऊ लागलं, की मज्जातंतूंचा आजार येतो. तो आधीच ओळखायचा, अशी चाचणी. जानेवारीपासून माणसं तपासली जात होती. लिटियाला आणखी दोन वर्षं मिळाली.

फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी लिटिया म्हणाली, "अगं, नव्या काचा उलटल्या की रेघ खाली जातेय. साचा बिघडला वाटतं."

"साचा तोच आहे ना?"

"तोच. म्हणून तर म्हणते. जुनी तर तू उलटून पाहिली होतीस. वहीत आहे ‘हो’ म्हणून."

नोएलीनने वही काढली. ‘हो’ होतं, तिच्याच अक्षरात. हातमोज्यांना शाई लागू नये म्हणून ती रकाने आधी भरायची, मग मोजे चढवायची. वर्षानुवर्षं. ऑक्टोबरातल्या त्या दिवशी पहिली बाजू मोजून झाली तोच आई पडल्याचा फोन आला होता. मोजे काढून ती गाडीकडे धावली होती. परत येऊन काच खणात ठेवल्याचं आठवत होतं. उलटल्याचं आठवेना.

तिने जुनी काच काढली. एका बाजूने रेघ वर. उलटली. रेघ आडव्या अक्षाखाली तितकीच खोल गेली.

लिटियाने पडदा बंद केला. मग हळूच म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबू या ना? त्या दिवशी माझा व्हिसा मंजूर होतोय…"

"तोवर किती जणांचं रक्त बघतील ते?"



नोएलीनने वहीतल्या ‘हो’वर काट मारली, शेजारी तारीख घातली, सही केली. ॲलिस्टरकडे जाण्याआधी इस्पितळाला फोन लावला, कारण ॲलिस्टर आधी बैठक बोलावतील हे तिला ठाऊक होतं. पलीकडे चाचणीची नर्स होती, डॉट नावाची, मोठी बोलकी.

"त्या काचा आजपासून वापरू नका. निकाल खरे नाहीत."

"काय सांगतेस, बाई! आता?"

"कुणाला कळवलेत का निकाल?"

कागद चाळल्याचा आवाज आला. डॉटचा बोलकेपणा ओसरला होता.

"एकोणीस जणांना ‘काही नाही, निश्चिंत घरी जा’ म्हणून सांगितलंय. त्यांतल्या सहा जणांना डॉक्टर औषध देणार होते, ते त्यांनी सुरूच केलं नाही."

"त्या सहा जणांना आधी फोन करा, आजच."

"पाच जणांना करते," डॉट म्हणाली. "सहावा पंधरवड्यापूर्वी घरात पडला. त्याची वाचा गेलीय."

नोएलीनने त्याचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.