तख्तपोसाखालचा खोका

भूतबित यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. असणार तरी कसा? मंगरूळपीरला माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं... गावातली निम्मी भुतं तर मीच बनवलेली! एकदा चिंचेत भोंगा लपवून एका जावईबापूंना पार बसस्टँडपर्यंत अनवाणी पळवलं होतं. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. दुकानासमोर बाबूजी राहत. कापडाचे व्यापारी, स्थानकवासी जैन. पाय थकलेले, कान जवळजवळ गेलेले. पण जात्याची घरघर, ढोलकीची थाप असले जाड आवाज त्यांना लाकडातून अंगाला कळत. म्हणून मी त्यांच्या तख्तपोसाखाली, म्हणजे बसायच्या लाकडी पलंगाखाली, सागवानी खोका बसवला, आत भलामोठा स्पीकर — हल्ली ज्याला वूफर म्हणतात, त्याचाच आजोबा म्हणा. शेजारी अँप्लिफायर आणि माइक. भजन लावलं की बाबूजी दोन्ही तळवे फळीवर टेकवून डोळे मिटत.

भजन हा बहाणा होता, हे मला त्यांच्या सूनबाईंनी, कांताभाभींनी सांगितलं. शेलूबाजारला बाबूजींचे थोरले भाऊ होते, आवाज नगाऱ्यासारखा. पुतणीच्या लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बोलणं बंद. संवत्सरीला जैन माणूस वर्षभराच्या चुकांबद्दल सगळ्यांची क्षमा मागतो, 'खमत खामणा' म्हणतो. बाबूजी दुकानातल्या हमालापुढेही हात जोडत, पण भावाकडे जात नसत, आणि भाऊ येत नसत. आता भाऊ कधी आलाच, ते दोन शब्द बोललाच, तर ते माइकमधून त्याच्याच आवाजात अंगाला कळावेत... एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

संवत्सरीच्या दिवशी, ऊन उतरताना बाबूजींनी मला हाक मारली.

"राजा, तार काढून घे. मी सामायिकले बसून राह्यलो. बिजलीत अग्नीचे जीव असतेत, आज त्याहिले तरास नको."

सामायिक म्हणजे त्यांची ध्यानाची बैठक. मी खोक्याची तार काढली, गुंडाळून हातात घेतली, अँप्लिफायर उचलून मांडीवर ठेवला. घरचे सगळे स्थानकात, त्यांच्या धर्मस्थळी, प्रार्थनेला गेले. कांताभाभींनी मला तेवढा वेळ बाबूजींजवळ बसायला सांगितलं होतं.

थोड्या वेळानं तख्तपोस घुमायला लागला.

आधी वाटलं, ट्रक असेल. बाहेर पाहिलं, रस्ता रिकामा. वाकून स्पीकरवर हात ठेवला... कागदाचा पडदा हलत होता. थांबत, अडखळत — जाड आवाजाचा माणूस शब्द शोधत बोलतो तसा. मला एकही शब्द कळला नाही. तार माझ्या दुसऱ्या हातात होती.

घाबरलो म्हणू? नाही. काहीच वाटलं नाही. हात कोपरापर्यंत बधिर झाला आणि आतून मीही तसाच. कुणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं. बाबूजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी हात जोडले, मान खाली केली आणि घुमणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तार परत जोडायला गेलो होतो, तेवढ्यात दारात जीप थांबली. थोरले भाऊ उतरले, आत आले, हात जोडून बोलायला तोंड उघडलं, तोच बाबूजींनी त्यांचे हात धरले.

"काल बोलले ना तुमी, भाईसाब. आता परत कायले? बसा."

भाऊ माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "काल तं माह्यं मौन होतं. दिवसभर तोंडातून शब्द नाही काढला."

बाबूजींना ते ऐकू गेलं नाही. ते सरकून भावाला जागा करून देत होते.

नंतर तो खोका मी कितीदा उघडला, जोडला, पुन्हा उघडला. लाकूड, स्पीकर, दोन खिळे... आत आणखी काही नव्हतं. कुणाला कळलं तर मला सांगा. भाऊ काय म्हणाले, ते बाबूजींना मात्र मी कधीच सांगितलं नाही.